कोड सगळ्यांचा, कंपनी तुमची

नेहमीच्या सॉफ्टवेअर कंपनीत नाराज झालेला इंजिनिअर राजीनामा देतो, लॅपटॉप परत करतो आणि जातो. त्याने लिहिलेला कोड कंपनीतच राहतो. ओपन सोर्स कंपनीत मात्र नाराज माणूस सगळा कोड बरोबर नेऊ शकतो, त्याला नवं नाव देऊ शकतो, तुमचे निम्मे वापरकर्ते आपल्याकडे वळवू शकतो, आणि यातलं काहीच बेकायदेशीर नसतं. त्यासाठी तो तुमच्या नोकरीत असायलाही लागत नाही. याला फोर्क म्हणतात. मायएसक्यूएल हा १९९५ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला डेटाबेस. २००८मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने त्याची कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी ओरॅकल सनला विकत घेणार असं जाहीर झालं, आणि मायएसक्यूएलच्या जनकांपैकी एक, मायकेल विडेनियस, यांनी तोच कोड उचलून मारियाडीबी उभा केला. त्यांच्या एका मुलीचं नाव माय, दुसरीचं मारिया. दोघींच्या नावाचा एकेक डेटाबेस आज जगभर चालतो.

गणेशोत्सव मंडळात काम केलेल्यांना हे फारसं नवं वाटणार नाही. कार्यकर्त्याला पगार नसतो, त्यामुळे अध्यक्षाला हुकूम सोडता येत नाही, आणि फारच ताणलं गेलं तर पुढच्या वर्षी त्याच गल्लीत दुसरा मांडव पडतो.

ज्यांना ओपन सोर्सवर कंपनी काढायची आहे, किंवा ‘आपलं ते टूल आता उघडं करून टाकू’ असं म्हणून वरिष्ठांनी ज्यांच्या गळ्यात ही जबाबदारी घातली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना कधीही निघून जाता येतं अशा लोकांचं नेतृत्व तुम्हाला करायचं आहे. अशा ठिकाणी पुढाऱ्याचं वजन त्याच्या हातात किती अधिकार आहेत यावर ठरत नाही. कोणते अधिकार त्याने लवकर आणि लेखी सोडून दिले आहेत, यावर ठरतं. ऐकायला हे साधूसंतांचं वाटेल, पण यात त्यागापेक्षा हिशेबच जास्त आहे.

पैसे कशाचे, हे कोड उघडण्याआधी

रेड हॅटचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातला कळीचा निर्णय सहसा कुणी सांगत नाही. बॉब यंग आणि मार्क युइंग यांची ही अमेरिकन कंपनी नव्वदच्या दशकात लिनक्सच्या सीडी खोक्यात घालून विकायची. ऑगस्ट १९९९मध्ये ती शेअर बाजारात उतरली तेव्हा १४ डॉलरचा शेअर पहिल्या दिवशी ५२ डॉलरच्या आसपास बंद झाला. नाव झालं, पैसा आला, तरी धंद्याचा पाया कच्चाच होता. तीच सीडी कुणीही कॉपी करून देऊ शकत होतं. २००३मध्ये कंपनीने एक धाडस केलं. आपलं सगळ्यात लोकप्रिय उत्पादन, रेड हॅट लिनक्स, तिने बंद करायला घेतलं आणि त्याच्या जागी दोन वाटा ठेवल्या. एक फेडोरा: फुकट, दर काही महिन्यांनी नवं, बाहेरच्या लोकांना बरोबर घेऊन चालणारं. दुसरी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स: संथ, वर्षानुवर्षं न बदलणारी, वार्षिक वर्गणीवर मिळणारी.

बँकेला नवं काही नको असतं. आज बसवलेली प्रणाली दहा वर्षं चालावी, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर याव्यात आणि रात्री दोन वाजता सर्व्हर बसला तर फोन उचलायला कुणीतरी असावं, एवढीच तिची अपेक्षा. रेड हॅटने कोड फुकट ठेवून या निर्धास्तपणाचे पैसे घेतले. २०१२च्या आर्थिक वर्षात तिचं उत्पन्न एक अब्ज डॉलरपलीकडे गेलं. ओपन सोर्सवर चालणारी एवढी मोठी ही पहिलीच कंपनी. २०१९मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना घेतली.

तेव्हा कोड उघडण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहा. पैसे कोण देणार? कशाचे देणार? ‘आधी वापरकर्ते जमवू, पैशाचं मग बघू’ हे उत्तर चालणार नाही, कारण ‘मग बघू’ची वेळ येते तेव्हा बघायला हजारो लोक जमलेले असतात आणि त्यांनी तुमच्यावर भरवसा ठेवून आपली कामं उभी केलेली असतात. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी पाहा. तिचं ईआरपीनेक्स्ट हे लेखा, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली पूर्ण उघडं आहे. कुणीही उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं. ज्याला सर्व्हरची कटकट नको तो फ्रॅपेकडे होस्टिंगचे पैसे भरतो. ही विभागणी शाळकरी मुलालाही समजते, आणि समजणं महत्त्वाचं आहे. ज्या ओपन सोर्स कंपनीचं उत्पन्न कुठून येतं हे बाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत कळत नाही, तिच्यावर तो मनातून विश्वास ठेवत नाही.

दुसरा रस्ता ‘ओपन कोर’चा: मूळ उत्पादन फुकट, वरच्या काही सोयी विकत. गुंतवणूकदारांना हा फार आवडतो. मला तो निसरडा वाटतो, आणि त्याची परीक्षा सोपी आहे. तुम्ही विकत असलेली सोय उद्या बाहेरच्या कुणी स्वतः लिहून तुमच्या फुकट आवृत्तीत घालायला पाठवली तर तुम्ही ती घ्याल का? कोड चांगला आहे, चाचण्या आहेत, मागणी आहे. नाकारलीत तर कारण काय सांगाल? याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल तर त्या दिवशी तुमची फजिती जाहीरपणे होईल. गिटलॅबने यावर एक बरा निकष वापरला आहे: एकट्या प्रोग्रामरला रोजच्या कामात जे लागतं ते फुकट, आणि त्याच्या व्यवस्थापकाला किंवा संचालकाला जे लागतं ते विकत. निकष जुळेल किंवा न जुळेल, पण तो आधी आणि उघड सांगितलेला असला की भांडण व्यक्तींवर येत नाही.

पाठ फिरवली की काय होतं

गेल्या काही वर्षांत परवाना बदलण्याची साथच आली. जानेवारी २०२१मध्ये इलास्टिक या कंपनीने आपल्या इलास्टिकसर्चचा मोकळा परवाना काढून घेतला. त्यांची तक्रार खोटी नव्हती. मोठ्या क्लाउड कंपन्या त्यांचाच कोड सेवा म्हणून विकत होत्या आणि कमाई तिकडे जात होती. ॲमेझॉनने मग जुन्या कोडवरून ओपनसर्च काढला. ऑगस्ट २०२३मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मच्या बाबतीत तेच केलं. पुढच्याच महिन्यात ओपनटोफू हा फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. मार्च २०२४मध्ये रेडिसने परवाना बदलला आणि काही दिवसांतच व्हॅल्की हा फोर्क जन्माला आला. पुढची गंमत अशी की इलास्टिक ऑगस्ट २०२४मध्ये आणि रेडिस मे २०२५मध्ये एजीपीएल हा खरा ओपन सोर्स परवाना घेऊन परतले. तोवर फोर्क मात्र आपापल्या पायांवर उभे राहिले होते आणि गेलेली माणसं तिकडे रुळली होती.

यातून घ्यायचं ते असं. कडक परवाना हवा असेल तर तो पहिल्या दिवशी घ्या. एजीपीएलमध्ये, बदललेला कोड सेवा म्हणून इंटरनेटवर चालवणाऱ्यालाही आपले बदल वापरकर्त्यांना द्यावे लागतात. बड्या क्लाउड कंपन्या त्याने पूर्ण थांबतात असं नाही, पण बऱ्याच जणी त्यापासून चार हात लांब राहतात. कडक सुरुवात करून पुढे सैल केलं तर लोक आभार मानतात. उलटं केलं तर जातात.

याच्याशी जोडलेली एक कलमवजा गोष्ट नवे संस्थापक वकिलावर सोडून देतात. बाहेरचा माणूस कोड पाठवतो तेव्हा त्याच्याकडून कंपनीला हवा तो परवाना लावण्याचा हक्क लिहून घ्यायचा करार असतो. त्याला सीएलए म्हणतात. इलास्टिक आणि हॅशिकॉर्प यांचे परवानाबदल सहज झाले ते एकाच हाती असे हक्क जमले होते म्हणून. लिनक्स कर्नलमध्ये २००४पासून त्याऐवजी प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ लागते: हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, आणि प्रकल्पाच्या परवान्याखालीच मी तो देतो आहे. मालकी ज्याची त्याच्याकडे राहते. कडक परवान्याखाली शेकडो लोकांचा कोड असा मिसळला की तो परवाना कुणालाच एकट्याने बदलता येत नाही, तुम्हालाही नाही. गुंतवणूकदार यावर नाक मुरडतील. मुरडू द्या. ‘आम्ही कधीच परवाना बदलणार नाही’ हे वाक्य कुणीही लिहील. स्वतःचे हात बांधून घेतलेत की ते वाक्य लिहावंही लागत नाही.

नाव मात्र सोडू नका. कोड सगळ्यांचा असला तरी ट्रेडमार्क तुमचा असू शकतो, आणि त्यात लबाडी काहीच नाही. ओपनऑफिसच्या स्वयंसेवकांनी २०१०मध्ये ओरॅकलपासून फारकत घेतली तेव्हा नाव ओरॅकलकडे होतं, म्हणून त्यांना लिब्रेऑफिस म्हणावं लागलं. (आज त्या दोघांपैकी कुणाचं काम जोरात चालू आहे हे पाहिलं तर नावाचीही ताकद किती पुरते ते कळतं.) नोंदणी स्वस्तातली गोष्ट आहे, पहिल्या रिलीजआधी करून टाका.

परवान्याचं एक अक्षर न बदलताही विश्वास मोडता येतो, हे पुन्हा रेड हॅटनेच दाखवलं. सेंटओएस ही रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची फुकट जुळी बहीण. विद्यापीठं, छोट्या होस्टिंग कंपन्या, प्रयोगशाळा यांचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालायचे. २०१४मध्ये रेड हॅटने तिला आपल्या पंखाखाली घेतलं. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार असं जाहीर होतं. डिसेंबर २०२०मध्ये घोषणा झाली की ती २०२१च्या अखेरीस संपेल. लोकांनी यंत्रं घेतली होती, आठ-नऊ वर्षांचं नियोजन केलं होतं. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी लगेच रॉकी लिनक्स जाहीर केलं, पाठोपाठ अल्मालिनक्स आलं. रेड हॅटने कायद्याने चुकीचं काही केलं नव्हतं. व्यावसायिक कारणंही होती. पण छापलेली तारीख हा शब्द असतो. एखादी गोष्ट थांबवायचीच असेल तर पुढच्या आवृत्तीपासून थांबवा; आधी सांगितलेली मुदत पूर्ण होऊ द्या. त्यासाठी वर्षाला दोन इंजिनिअरांचा पगार जास्त गेला तरी तो फोर्कपेक्षा स्वस्त पडतो.

निर्णय कुठे होतात

समजा कंपनीचे पाच जण पुण्यात बाणेरच्या एका खोलीत बसतात आणि बाहेरचे पन्नास जण जगभर विखुरले आहेत. पाच जण खाली टपरीवर चहाला जातात आणि येताना पुढच्या आवृत्तीत काय असेल ते ठरवून येतात. कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण त्या पन्नासांना कळतं ते एवढंच की खरा कारभार टपरीवर चालतो आणि आपल्याला फक्त निकाल मिळतो. तिसऱ्या वेळी ते बोलायचे थांबतात. त्याला तुम्ही मूक संमती समजता.

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही: टपरीवर बोला, ठरवा मात्र उघड्यावर. प्रस्ताव लिहा, कारणं लिहा, नाकारलेले पर्याय लिहा आणि वाट पाहा. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतदान किमान ७२ तास उघडं ठेवण्याची रीत आहे. जगात कुठे रात्र असते, कुणाला हे काम फक्त शनिवार-रविवारीच करता येतं. तीन दिवसांनी कुठल्याही स्टार्टअपचं दिवाळं निघत नाही.

एकट्याच्या हातात अंतिम शब्द असण्याचे फायदे आहेत, सुरुवातीला तर तेच हवं. पायथनचे जनक ग्वीडो व्हॅन रॉसम यांना तर गमतीने ‘आजीव दयाळू हुकूमशहा’ असंच बिरुद होतं. जुलै २०१८मध्ये एका नव्या चिन्हाच्या प्रस्तावावरून, अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह यांच्या जोडीवरून, इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यावर त्यांनी पद सोडलं. वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. जगातल्या सगळ्यात लोकप्रिय भाषांपैकी एका भाषेला राज्यघटना नाही, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं. अनेक महिन्यांच्या खलानंतर फेब्रुवारी २०१९मध्ये पाच जणांची पहिली सुकाणू समिती निवडून आली. तिच्या नियमांत एक लाखमोलाचं कलम आहे: पाचपैकी दोनहून जास्त सदस्य एकाच कंपनीचे असता कामा नयेत.

याच जातीचा नियम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात फार वर्षं अलिखित होता. तिथल्या मध्यवर्ती गटात निम्म्याहून जास्त माणसं एका कंपनीची नकोत. २०२०मध्ये एंटरप्राइझडीबीने, जिचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, सेकंडक्वाड्रंट ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि एका रात्रीत पाचपैकी तीन सदस्य एकाच मालकाचे झाले. कुणी कट केला नव्हता. गटाने स्वतःहून जाहीर केलं की आपण मर्यादा ओलांडली आहे, आणि थोड्याच काळात बाहेरचे दोन सदस्य वाढवले. सातात तीन. वाद पेटायच्या आतच मिटला. नियम आधीपासून सगळ्यांच्या मनात होता म्हणून हे शक्य झालं. भांडण सुरू झाल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी विरोधातला ठरतो.

म्हणून तुमच्या समितीत आज तुम्ही एकटे असताना, हसू आलं तरी, तो नियम लिहा. दोन पानं पुरतात: बदल कोण स्वीकारतं, मतभेद झाला तर अंतिम शब्द कुणाचा, नवा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा माणूस) कसा निवडतात, कंपनीची माणसं किती असू शकतात. आणि कंपनीतल्या माणसाने बोलताना कुठली टोपी घातली आहे ते सांगण्याची सवय लावा. ‘आमच्या एका ग्राहकाला हे हवं आहे’ आणि ‘प्रकल्पासाठी हे योग्य आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ती मिसळली की लोकांना लगेच वास येतो.

मेंटेनर नावाचा माणूस

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइल आकुंचनाच्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्याच कारणाने त्यांना शंका आली होती. (पोस्टग्रेसच्या मध्यवर्ती गटात २०२०मध्ये वाढवलेल्या दोन जणांपैकी हे एक. दुनिया लहान आहे.) चोरदरवाजा पसरला असता तर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांची कुलपं एका अनोळखी माणसाच्या हातात गेली असती.

पण या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग तंत्रज्ञानाचा नाही. ही लायब्ररी वर्षानुवर्षं एक माणूस विनावेतन, छंद म्हणून सांभाळत होता. त्याची तब्येत धड नव्हती आणि त्याने तसं उघड लिहिलंही होतं. ‘जिया टॅन’ नावाची कुणी व्यक्ती २०२१च्या सुमारास मदतीला आली, चांगले बदल पाठवू लागली. मग इतर काही अनोळखी नावं त्या थकलेल्या मेंटेनरच्या मागे लागली: कामं रखडतात, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला सोपवा. शेवटी त्याने सोपवलं. चोराने कुलूप फोडलं नाही. पहारेकऱ्याला झोप येईपर्यंत वाट पाहिली. त्याआधी २०१४च्या हार्टब्लीड या त्रुटीच्या वेळी असंच उघडकीला आलं होतं की इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती.

तुमची कंपनी असल्या कितीतरी लायब्रऱ्यांवर उभी असेल. एकदा बसून यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा, तिला किती माणसं सांभाळतात. जिथे ‘एक’ येईल तिथे पैसे पाठवा, किंवा आपला एक माणूस आठवड्यातून एक दिवस त्या कामाला द्या. बंगळुरूच्या झिरोधाने २०२४मध्ये असल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. सगळ्यांना एवढं जमणार नाही. महिन्याला पाच हजार रुपये जमतील.

स्वतःच्या प्रकल्पात मेंटेनरला ‘नाही’ म्हणायचा हक्क आणि सराव द्या. नवख्याने पहिला पॅच पाठवला की दोन-तीन दिवसांत कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं, मग ते उत्तर नकाराचं का असेना. कारणासकट आलेला नकार माणसाला टिकवतो. सहा महिन्यांचं मौन घालवतं. मात्र प्रत्येक पॅच स्वीकारायचाच असंही नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता. जगभरच्या प्रकल्पांवर रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण वाढवणाऱ्या निरर्थक बदलांचा पाऊस पडला आणि मेंटेनर हैराण झाले. ज्या प्रकल्पांनी होकार दिला आहे त्यांच्यापुरताच उपक्रम राहील, असा नियम आयोजकांना महिना संपायच्या आत करावा लागला. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे मनावर घ्यायला हवं. रेझ्युमेवर ‘ओपन सोर्स योगदान’ एवढं लिहिता यावं म्हणून विद्यार्थ्यांकडून दहा किरकोळ बदल करून घेण्यापेक्षा एका प्रकल्पाचे बग वाचून ते आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवायला शिकवा. मेंटेनरला याहून मोठी मदत नाही.

आणि श्रेय फक्त कोडला देऊ नका. द्रुपल या प्रकल्पाने आपल्या संकेतस्थळावर श्रेय नोंदवायची पद्धत बसवली. कुणी काम केलं, ते कुठल्या कंपनीच्या वेळेत केलं, कुठल्या ग्राहकासाठी केलं, हे सगळं त्यात येतं. कुणी मराठी भाषांतर केलं, कुणी दस्तऐवज लिहिले, कुणी नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. मोजलं नाही तर ही माणसं दिसतच नाहीत, आणि न दिसणारी माणसं आधी जातात.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वल्ड्स यांच्या शिवराळ उत्तरांचं अनेकांना कौतुक होतं. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनी स्वतःच माफी मागून काही आठवडे रजा घेतली आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर कर्नलचा दर्जा घसरल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही. तेव्हा ‘मी स्पष्टवक्ता आहे’ ही सबब आता पुरे.

कंपनीच्या आत

जिम व्हाइटहर्स्ट २००८मध्ये डेल्टा एअरलाइन्समधून रेड हॅटचे प्रमुख म्हणून आले. विमान कंपनीत वरून आलेला आदेश खाली पाळला जातो. इथे कनिष्ठ इंजिनिअर सरळ सांगायचे की तुमचं चुकतंय. त्यांनी पुढे २०१५मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा एक मुद्दा मला पटतो: चर्चेत निर्णयाला वेळ लागतो, पण अंमलबजावणी लवकर होते, कारण ज्यांनी ते करायचं असतं त्यांनी आधीच त्यावर डोकं घातलेलं असतं. आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत वाढलेल्या व्यवस्थापकाला हे जड जातं. मॅनेजरसमोर गप्प बसणं हा आदर, असं त्याला शिकवलेलं असतं. ओपन सोर्स कंपनीत गप्प बसलेला माणूस म्हणजे तुम्हाला न मिळालेली सूचना.

एक शिस्त मात्र कडक ठेवा. ग्राहकासाठी केलेली दुरुस्ती आधी मूळ प्रकल्पात गेली पाहिजे, मग तुमच्या विकाऊ आवृत्तीत. घाईच्या वेळी याला फाटा द्यावासा वाटतो. दोनदा दिला की तुमच्याकडे मूळ प्रकल्पापासून तुटलेली वेगळीच आवृत्ती तयार होते, आणि प्रत्येक नव्या रिलीजला सांधे जुळवण्यात दोन माणसं कायमची गुंततात. इंजिनिअरच्या वार्षिक मूल्यमापनातही बाहेरच्या लोकांचे पॅच तपासण्यात गेलेला वेळ मोजा. तो मोजत नसाल तर कुणीही देणार नाही.

आपल्याकडे सुरुवात करताना

पहिलं काम, आपलं नोकरीचं नियुक्तिपत्र काढून वाचा. नोकरीच्या काळात, घरी आणि स्वतःच्या यंत्रावर लिहिलेलं सगळंही कंपनीचं, असं कलम अनेकांत असतं. योगदान देण्याआधी किंवा रात्री स्वतःचा प्रकल्प लिहिण्याआधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर पुढे तुमचा कोड वापरणारे सगळेच अडचणीत येतील.

नवा प्रकल्प काढायची घाई करू नका. पुण्यात बसून लिनक्सवर, पोस्टग्रेसवर पूर्ण वेळ काम करणारी माणसं आहेत. रेड हॅटचंही मोठं अभियांत्रिकी कार्यालय तिथेच आहे. दोन वर्षं एखाद्या जुन्या प्रकल्पात पॅच पाठवा, नकार पचवा, कुणाचा तरी पॅच तपासा. पुढारीपण कसं चालतं हे अनुयायी राहूनच नीट दिसतं.

सरकारी कामांचा विचार असेल तर केंद्राचं २०१५चं ओपन सोर्स धोरण हाताशी ठेवा. निविदेत ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं, आणि ते नाकारायचं असेल तर कारण द्यावं, असं त्यात आहे. निविदेतल्या उलाढालीच्या अटी मात्र छोट्या कंपनीला बहुधा अडवतात. मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली देखभालीचं काम घेणं हा व्यवहार्य मार्ग. प्रकल्पासाठी ना-नफा संस्था काढणार असाल तर परदेशी देणग्या घेण्यासाठी एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, हे चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारा. परदेशी ग्राहकाकडून सेवेचं बिल घेणं ही वेगळी बाब आहे. बहुतेक छोट्या संघांना तोच रस्ता सोपा जातो.

राहिलं सुपूर्द करणं. टॉर्वल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये गिट लिहायला घेतलं आणि जुलैमध्येच त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे दिली. आजही तेच पाहतात. स्वतःची निर्मिती चार महिन्यांच्या आत दुसऱ्याच्या हाती देणं सगळ्यांना जमणार नाही, पण द्यायची वेळ आली तर अडणार कुठे, हे आजच पाहता येतं. डोमेन कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेलं आहे? रिलीजवर सही करायची डिजिटल किल्ली किती जणांकडे आहे? ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर आहे की तुमच्या? देणग्यांच्या खात्यावर दुसरी सही कुणाची? कोड साठवला आहे त्या खात्याचा दोन टप्प्यांचा लॉगिन कुणाच्या फोनवर येतो? प्रत्येक ठिकाणी किमान दोन नावं हवीत, आणि दुसरं नाव जमलं तर तुमच्या पगारपत्रकाबाहेरचं.